दुसरा जिना आणि मोकळे मैदान

चंद्रपूर शहराच्या उत्तरेला, दुर्गापूरला लागून ऊर्जानगर ही वसाहत आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात काम करणाऱ्यांसाठी ती वसवली गेली. केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. पुढे संच वाढत गेले, जुने दोन बंद झाले आणि आज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला ताडोब्याकडे जाणारे जंगल आणि मधोमध चिमण्या, अशी ही जागा. येथील बहुतेक घरांत कोणी ना कोणी आग, वाफ आणि वीज यांच्याशी रोज काम करणारे असते.

अशा केंद्राच्या आवारात, तसेच मोठ्या कारखान्यांत, रुग्णालयांत आणि आता काही शाळांतही एक हिरवी पाटी दिसते. पाटीवर मधे उभी असलेली माणसांची आकृती आणि चार कोपऱ्यांतून तिच्याकडे येणारे चार बाण. खाली लिहिलेले असते ‘असेंब्ली पॉइंट’, म्हणजे संकटाच्या वेळी जमण्याची जागा. ही पाटी विद्यार्थी रोज पाहतात, पण ती तेथेच का लावली, असा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. या पाटीमागे दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. इमारतीतून बाहेर कसे पडावे ही गोष्ट माणूस प्रत्येक वेळी एखाद्या दुर्घटनेनंतरच शिकला आहे. तो इतिहास येथे थोडक्यात पाहू.

वाट एकच असेल तर

सुरुवात कोळशाच्या खाणीपासून करू. ऊर्जानगरच्या वाचकांना ती जवळचीच.

इंग्लंडच्या उत्तर भागात हार्टली नावाची खाण होती. खाणीत उतरण्यासाठी आणि वर येण्यासाठी एकच उभी विहीर होती. तिलाच मधोमध लाकडी पडदा लावून एका बाजूने ताजी हवा आत आणि दुसऱ्या बाजूने दूषित हवा बाहेर, अशी सोय केलेली होती. १६ जानेवारी १८६२ रोजी पाणी उपसणाऱ्या इंजिनाची बिडाची प्रचंड तुळई मोडली आणि तिचा अर्धा भाग विहिरीत कोसळला. विहिरीच्या बाजू ढासळल्या, वाट बुजली आणि हवाही बंद झाली. खाली २०४ माणसे व मुले होती. बचाव करणारे त्यांच्यापर्यंत पोहोचले तेव्हा एकही जण जिवंत नव्हता.

खाली अडकलेल्यांपैकी बहुतेकांना साधा ओरखडाही आलेला नव्हता. ते मेले, कारण त्यांच्याकडे दुसरी वाट नव्हती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा केला की खाणीला बाहेर पडण्याच्या किमान दोन स्वतंत्र वाटा असल्याच पाहिजेत. भारतातील भूमिगत खाणींनाही आज हाच नियम लागू आहे.

इमारतींच्या बाबतीत हे तत्त्व पोहोचायला वेळ लागला. आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली प्रथम प्रसिद्ध झाली. १९८३, २००५ आणि २०१६ या वर्षी तिच्यात सुधारणा झाल्या. तिचा चौथा भाग आगीपासूनच्या सुरक्षिततेचा आहे. २००५ च्या संहितेने सांगितले की प्रत्येक मजल्याचे क्षेत्र ५०० चौरस मीटरहून अधिक असलेल्या शाळेला किमान दोन जिने हवेत. हे दोन जिने एकमेकांपासून दूर असावे लागतात. शेजारी शेजारी असलेले दोन जिने एकाच धुराने भरतात. मग ते नावाला दोन असले तरी कामाला एकच ठरतात.

दार कोणत्या बाजूला उघडते?

दुसरी घटना १६ जून १८८३ ची. इंग्लंडमधील संडरलंड गावच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी जादूचे प्रयोग होते. प्रयोग संपताना खालच्या मजल्यावरील मुलांना खेळणी वाटायला सुरुवात झाली. वरच्या सज्जातील मुले आपल्यालाही मिळावीत म्हणून जिन्याने धावत सुटली. जिन्याच्या तळाशी असलेले दार आतल्या बाजूला उघडणारे होते. शिवाय एका वेळी एकच मूल जावे म्हणून ते थोडेसे किलकिले ठेवून कडी घातलेली होती. पुढची मुले दाराशी अडकली, मागून येणाऱ्यांना ते दिसेना. १८३ मुले गुदमरून मेली. आग लागलेली नव्हती, धूर नव्हता, कसलाही धोका नव्हता.

आतल्या बाजूला उघडणारे दार गर्दीच्या वेळी उघडता येत नाही, कारण ते उघडण्यासाठी सगळ्यांना एक पाऊल मागे यावे लागते आणि मागचे लोक तसे होऊ देत नाहीत. या दुर्घटनेनंतर सार्वजनिक इमारतींची दारे बाहेर उघडणारी असावीत असा नियम तेथे झाला. १८९२ साली रॉबर्ट ब्रिग्ज या इंग्रज संशोधकाने दारावरील आडव्या दांडीचे पेटंट घेतले. दांडीवर अंगाचा भार पडला की कडी आपोआप सुटते. चित्रपटगृहांच्या बाहेर पडण्याच्या दारांवर ही दांडी आजही पाहायला मिळते.

आपल्या वर्गाचे दार कोणत्या बाजूला उघडते? हा लेख वाचता वाचता पाहून घ्यावे. शाळा सुटल्यावर जे फाटक कुलूपबंद असते, ते शाळा भरलेली असताना तरी उघडे असते का, हेही पाहावे.

अडीच मिनिटे कोठून आली?

तिसरा प्रश्न वेळेचा. ९ मे १९११ रोजी एडिंबरा येथील एम्पायर पॅलेस नाट्यगृहात जादूच्या खेळाच्या अखेरीस रंगमंचावर आग लागली. प्रेक्षागृहात सुमारे तीन हजार लोक होते. आगीचा पडदा खाली सोडण्यात आला आणि वाद्यवृंदाने राष्ट्रगीत सुरू केले. लोक उठून उभे राहिले आणि धांदल न करता बाहेर पडले. गीत संपेपर्यंत, म्हणजे सुमारे अडीच मिनिटांत, प्रेक्षागृह रिकामे झाले. प्रेक्षक सगळे वाचले. रंगमंचामागे अडकलेल्या काही कलाकारांचा मात्र मृत्यू झाला.

हा ‘अडीच मिनिटांचा’ आकडा पुढे ब्रिटनमध्ये जिने आणि दारे यांची रुंदी ठरवताना दीर्घकाळ वापरला गेला. तो निसर्गनियम नव्हे. एका प्रसंगावरून घेतलेले ते माप आहे. तरीही शाळेत हिशेब करायला ते फार उपयोगी पडते.

हिशेब असा. जिन्याच्या दर मीटर रुंदीवरून सेकंदाला साधारण एक माणूस खाली उतरू शकतो. जिना दीड मीटर रुंद असेल तर मिनिटाला ९० जण उतरतील. वरच्या मजल्यावर ३६० विद्यार्थी असतील आणि जिना एकच असेल, तर ३६० ÷ ९० = ४ मिनिटे लागतील. दोन जिने असतील तर २ मिनिटे. म्हणजे एका जिन्याची शाळा अडीच मिनिटांच्या कसोटीला उतरत नाही, दोन जिन्यांची उतरते.

पण येथे थांबून विद्यार्थ्यांना आणखी एक प्रश्न विचारायला हवा. आग दोनपैकी एका जिन्याजवळच लागली तर? मग उरला एकच जिना आणि पुन्हा चार मिनिटे. त्या चार मिनिटांत धूर आपल्यापर्यंत पोहोचणार नाही अशी व्यवस्था नसेल, तर दुसऱ्या जिन्याचा उपयोग अर्धाच. हे कळण्यासाठी धुराकडे वळले पाहिजे.

जिना म्हणजे चिमणी

ऊर्जानगरच्या मुलांना चिमणीचे तत्त्व समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. गरम वायू हलका असतो, तो वर चढतो, त्याची जागा घ्यायला खालून नवी हवा ओढली जाते. चिमणी जितकी उंच तितकी ही ओढ जास्त. इमारतीतील उघडा जिना आगीच्या वेळी हेच काम करतो. खाली लागलेल्या आगीचा धूर तो वरच्या मजल्यावर नेऊन सोडतो आणि आगीला खालून हवा पुरवतो.

१ डिसेंबर १९५८ रोजी शिकागोच्या ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या शाळेत असेच झाले. आग जिन्याच्या तळाशी, कचऱ्याच्या पिंपात सुरू झाली. जिना लाकडी होता आणि उघडा होता. खालच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी दार होते, त्यामुळे तेथे धूर रोखला गेला आणि मुले बाहेर पडू शकली. वरच्या मजल्यावर असे दार नव्हते. तेथील मुलांना आग लागल्याचे कळले तेव्हा बाहेरचा बोळ धुराने भरलेला होता. ९२ मुले आणि ३ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. त्या शाळेत आगीच्या कवायती होत असत. पण कवायतीत जी वाट वापरली जाई, तीच त्या दिवशी बंद झाली होती.

आगीत माणसे जळून मरण्यापेक्षा धुराने अधिक मरतात. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. या वायूला वास नाही, रंग नाही. म्हणूनच जिन्याला दार असावे, ते बंद राहावे, आणि खोलीतून बाहेर पडताना शेवटच्याने दार ओढून घ्यावे. साध्या लाकडी दारानेही काही मिनिटे मिळतात, आणि वर हिशेब केला तो मिनिटांचाच होता.

आपल्या देशातील सर्वात दुःखद धडा तामिळनाडूतील कुंभकोणमचा. १६ जुलै २००४ रोजी तेथील शाळेच्या स्वयंपाकघरातून लागलेली आग वरच्या गवताच्या छपराला लागली. जिना अरुंद होता. ९४ मुले गेली. त्यानंतरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय दिला की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. शाळांत आग विझवण्याची साधने हवीत आणि शिक्षकांना त्यांचे प्रशिक्षण हवे, असेही न्यायालयाने सांगितले.

‘बाहेर पडा’ हे कोणी म्हणायचे?

वाटा आहेत, दारे बाहेर उघडतात, वेळही आहे. तरीही माणसे मरतात. याचे उदाहरण आपल्या मुंबईचे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. त्यावर कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकेही. दुपारी दोनच्या सुमारास आगीची वर्दी गेली. पहिला महास्फोट झाला चार वाजून सहा मिनिटांनी. मधे दोन तास होते. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचे लाल निशाण जहाजावर नव्हते. अग्निशामक दलाचे जवान पाणी मारत राहिले, गोदीतले कामगार आपापल्या कामावर राहिले, काही जण आग पाहायला उभे राहिले. गोदी रिकामी करा, असा हुकूम मात्र सुटला नाही. त्या दिवशी अग्निशामक दलाचे ६६ जवान आणि शेकडो नागरिक मरण पावले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ.

दोन तासांत गोदीतून चालत बाहेर पडणे कोणालाही शक्य होते. उणीव होती ती निर्णय घेणाऱ्याची. म्हणून आजच्या प्रत्येक आपत्कालीन योजनेत पहिल्या पानावर एक नाव असते. हे माणूस घंटा वाजवण्याचा निर्णय घेईल, आणि ते हजर नसेल तर कोण, हेही लिहिलेले असते. शाळेत मुख्याध्यापक बाहेरगावी असतील तर घंटा कोणी वाजवायची? हा प्रश्न शिक्षक सभेत एकदा विचारून पाहावा. उत्तर लगेच आले नाही, तर योजना नाही असे समजावे.

बाहेर पडून जायचे कोठे?

आता आपण त्या हिरव्या पाटीपाशी आलो. बाहेर पडलेल्यांनी एका जागी का जमायचे? घरी का जायचे नाही?

याचे उत्तर पुन्हा खाणीत सापडते. भूमिगत खाणीत उतरताना कामगार दिव्यांच्या खोलीतून आपल्या क्रमांकाचा दिवा घेतो आणि वर आल्यावर तो परत ठेवतो. पाळी संपल्यावर एक खुंटी रिकामी दिसली, तर एक माणूस खाली आहे हे लगेच कळते. जमण्याची जागा म्हणजे इमारतीची अशी दिव्यांची खोलीच. अग्निशामक दल आल्यावर पहिला प्रश्न विचारते, “आत कोणी आहे का?” त्याचे उत्तर ‘बहुतेक नाही’ असे असेल, तर जवानांना जीव धोक्यात घालून आत शिरावे लागते. उत्तर ‘सातवी ब मधला एक मुलगा’ असे असेल, तर ते नेमके तेथे जातात. म्हणून घंटा झाली की शिक्षकांनी दप्तरे सोडून द्यायची, पण हजेरीपट बरोबर घ्यायचा.

जागा कोठे असावी याचा धडा भोपाळने दिला. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला तेव्हा हजारो लोक घराबाहेर धावले. कोणत्या दिशेने धावायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. अनेक जण वाऱ्याबरोबर, म्हणजे वायूच्या बरोबरच धावत राहिले. यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि १९८९ साली घातक रसायनांविषयीचे नियम आले. धोकादायक कारखान्याने आवारातील आपत्कालीन योजना करायची, जिल्हा प्रशासनाने आवाराबाहेरची करायची आणि आवारातील योजनेची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी घ्यायची, असे ठरले.

औष्णिक वीज केंद्रात धोके एक प्रकारचे नसतात. मोठी जनित्रे थंड ठेवण्यासाठी हायड्रोजन वापरतात, तो ज्वालाग्राही. रोहित्रांत आणि टर्बाइनच्या वंगणात तेल. कोळशाचा ढीग तर हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन आपोआप तापतो आणि धुमसू लागतो. अनेक केंद्रांत पाण्यातील शेवाळ मारायला क्लोरीन वापरतात. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, म्हणून जमिनीलगत आणि खोलगट भागात साठतो. आगीसाठी निवडलेली जागा क्लोरीनच्या गळतीला चालेलच असे नाही. म्हणून अशा ठिकाणी वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी उंचावर लावतात आणि जमण्याच्या जागा एकाहून अधिक, वेगवेगळ्या दिशांना ठेवतात. वायू आला तर वाऱ्याला आडवे जायचे आणि सखल जागा टाळायची, हे मुलांनाही ठाऊक हवे.

ऊर्जानगरसारख्या ठिकाणी आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक ऊन. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. रुग्णालयातून बाहेर आणलेल्या माणसांना अशा उन्हात उघड्यावर तासभर ठेवणे हा नवाच धोका. तेव्हा जागेला सावली हवी, पाणी हवे. दुसरी गोष्ट जंगलाची. या परिसरात वाघ-बिबट्यांचा वावर आहे आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. वसाहतीच्या कडेची झुडपे वाढलेली रिकामी जागा नकाशावर ‘मोकळी’ दिसते. रात्री तेथे मुलाबाळांना जमायला सांगणे शहाणपणाचे नाही. पुस्तकातील नियम आपल्या गावात उतरवायचा तो असा, जमीन पाहून.

जे चालू शकत नाहीत

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे माणूस स्वतःच्या पायांनी चालेल. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आपल्याच विदर्भात, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. कक्षात १७ बालके होती. सात वाचवता आली, दहा गेली. त्या बाळांना घंटा ऐकू येऊन उपयोग नव्हता आणि बाहेरच्या हिरव्या पाटीचाही नव्हता.

अशा ठिकाणी बाहेर पडण्याची पद्धत वेगळी असते. मजल्याचे आग अडवणाऱ्या भिंतींनी आणि दारांनी भाग पाडतात. आग लागली की रुग्णाला जिन्याने खाली न नेता त्याच मजल्यावरील शेजारच्या सुरक्षित भागात सरकवतात. धोका वाढला तरच पुढे खाली नेतात. त्यासाठी रात्रपाळीला किती हात हजर आहेत, याचा हिशेब जिन्याच्या रुंदीइतकाच महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असे त्यात आहे. पण यंत्रणा चालू असणे आणि माणसे बाहेर येणे यांच्यामधले अंतर तालमीनेच भरून निघते.

शाळेतही कुबड्या घेऊन येणारे, कमी ऐकू येणारे किंवा कमी दिसणारे मूल असते. त्याच्यासाठी दोन सोबती आणि एक शिक्षक आधीच ठरलेले असावेत. ‘कोणीतरी नेईल’ असे ठरवणे म्हणजे काहीच न ठरवणे.

वर्गात करून पाहण्यासारखे

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून दोन तासिकांत पुढील काम करून घेता येईल. त्याला मोजपट्टी, घड्याळ आणि वहीपलीकडे काही लागत नाही.

१. शाळेचा प्रमाणात नकाशा काढावा. प्रत्येक दार कोणत्या बाजूला उघडते, कोणते कुलूपबंद असते आणि जिन्याखाली काय साठवले आहे याची नोंद करावी.

२. जिन्यांची रुंदी मोजून वर सांगितल्याप्रमाणे शाळा रिकामी व्हायला लागणारा वेळ काढावा. मग एक जिना बंद आहे असे धरून पुन्हा काढावा.

३. जमण्याची जागा निवडावी. दर मुलामागे एक चौरस मीटर धरला तर ६०० मुलांना ३० मीटर बाय २० मीटर एवढी जागा लागेल. ती इमारतीच्या उंचीच्या निदान दीडपट दूर असावी, विजेच्या तारांखाली नसावी आणि अग्निशामक बंब येण्याच्या वाटेत नसावी.

४. तालीम घ्यावी आणि घंटेपासून शेवटचे नाव पुकारेपर्यंतचा वेळ मोजावा. पुढच्या खेपेस न सांगता एका जिन्यावर ‘येथे धूर आहे’ अशी पाटी घेऊन एक शिक्षक उभे करावेत.

हिशेबाने आलेला वेळ आणि तालमीत लागलेला वेळ यांत फरक पडतोच. तो किती आणि का, याची चर्चा विद्यार्थ्यांना करू द्यावी. कोणी चपला शोधत बसते, कोणी भावाला शोधायला उलट जाते, कोणाला घंटा मधल्या सुटीचीच वाटते. ही कारणे लिहून काढून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली म्हणजे शाळेच्या आपत्कालीन योजनेचा पहिला मसुदा तयार झाला. उरलेल्या भागासाठी जवळच्या अग्निशमन केंद्राला बोलवावे. देशातील अग्निशमन अधिकाऱ्यांना शिकवणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आपल्या नागपुरातच आहे. तेव्हा जाणकार माणूस विदर्भात मिळत नाही, अशी सबब सांगता येणार नाही.